कुंचीतला श्वास

रेवा सकाळपासून चार वेळा शिंकली होती, आणि शर्वरीने चारही शिंका मोजल्या होत्या. सासूबाई नेसरीला लग्नाला गेल्या होत्या, म्हणून कामावर निघताना तिने पोरीला नणंदेकडे, स्नेहलताईकडे सोडलं होतं. तिथल्या दोन शिंका फोनवरून विचारून घेतल्या होत्या. दुपारची शाळा गाठायच्या आधी स्नेहलताई स्कूटरवरून श्वासकेंद्राच्या दारात आली, रेवाला शर्वरीच्या हातात दिलं आणि स्कूटर वळवतानाच ओरडून म्हणाली, "दोन तास माझ्या छातीवर झोपली होती. हलू दिलं नाही मला बाईसाहेबांनी."

ती कोपऱ्यावर वळली आणि रेवा पाचव्यांदा शिंकली.

सात महिन्यांची मुलं शिंकतातच, हे शर्वरीला ठाऊक होतं. ती जैवरसायनाची पदवीधर होती आणि आजऱ्याच्या या केंद्रात गेली दोन वर्षं माणसांचे श्वास वाचायचं काम करत होती. पण ठाऊक असणं आणि मनाला पटणं यांच्यामध्ये एक आख्खी आई उभी असते. दुपारची जेवणाची वेळ, बाकावर एकही माणूस नाही. स्वतःचा श्वास हवेत मिसळू नये म्हणून तिने मास्क नीट बसवला आणि लेकीला यंत्रासमोरच्या छोट्या खुर्चीत, लोकरीच्या कुंचीसकट, बसवलं. या महिन्यातली ही सहावी वेळ होती.

दोन हजार एकेचाळीस सालापर्यंत हे यंत्र तालुक्यातालुक्याला पोचलं होतं. सरकारी नाव होतं श्वासदर्शक, पण आजऱ्यात त्याला सगळे फुंकणी म्हणत. नळी तोंडाशी धरून फुंकायचं म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार? माणूस सोडतो त्या प्रत्येक श्वासात हजारावर निरनिराळी रसायनं असतात, कणाच्याही कणाएवढी. शरीर साखर कशी जाळतंय, चरबी कशी जाळतंय, फुप्फुसात कोण बिऱ्हाड करून बसलंय, त्याप्रमाणे त्यांचं प्रमाण बदलत राहतं. यंत्राच्या पोटात केसाहून बारीक अशा आठशे पट्ट्या सतत थरथरत असतात, आणि प्रत्येक पट्टीवर वेगळा लेप असतो. लेपाला एखादं रसायन चिकटलं की पट्टी जड होते, तिचं थरथरणं मंदावतं. आठशे पट्ट्यांचं मिळून जे मंदावणं, तो त्या श्वासाचा ठसा. एकेक रसायन वेगळं ओळखायची गरज नसते. शेजारी काय शिजतंय हे फोडणीच्या वासावरून सांगताना आपण तरी कुठे मोहरी आणि हिंग वेगवेगळे तोलतो?

तान्ह्या बाळांसाठी यंत्रात 'मायलेक' नावाची सोय होती. बाळाला फुंकता येत नाही, आणि त्याच्याभोवती आईचा श्वास दरवळत असतोच. म्हणून यंत्र आसपासच्या हवेतून दोन श्वास वेगळे काढी. लहान असेल तो बाळाचा, मोठा असेल तो आईचा, असा त्याचा सरळ हिशेब.

पडद्यावर अक्षरं उमटली. बाळ: प्रकृती उत्तम. शर्वरीने सुस्कारा टाकला. मग दुसरी ओळ उमटली.

आई: गर्भधारणा. अंदाजे चौथा आठवडा.

रेवाला अजून बसताही येत नव्हतं धड. तिने बोटांवर दिवस मोजले, पुन्हा मोजले. तेवढ्यात तीस सेकंद संपले आणि पडदा कोरा झाला. श्वास ज्याचा त्याचा, असं कायदाच म्हणत होता. वाचन तीस सेकंद दिसायचं, आणि नंतर ज्याचा श्वास त्याने स्वतःच्या परवलीच्या किल्लीने जपल्याशिवाय जगात कुठेही उरायचं नाही.

तिने मास्क काढला, नळी घेतली आणि स्वतः फुंकली. तीन वेळा फुंकली. तिन्ही वेळा यंत्राने तेच सांगितलं: प्रकृती उत्तम, थोडा रक्तक्षय, झोप कमी. दुसरं काही नाही.

मग मास्क तोंडावर असताना यंत्राने वाचला तो श्वास कुणाचा होता?

रेवा मान खाली घालून कुंचीची कड चघळत होती. शर्वरीने ती काढून नाकाशी नेली. लोकर फार लोचट असते. तिच्यात शिरलेला श्वास दोन-तीन तास मुक्काम ठोकतो. कुंचीला बाळाच्या तेलाचा वास होता, आणि त्यावर खेळाडू मुरगळलेल्या पायाला चोळतात त्या मलमाचा. आजऱ्याच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या आणि मुलींचा कबड्डीचा संघ चालवणाऱ्या स्नेहलताईच्या अंगाला तो वास बारा महिने असायचा.

दोन तास माझ्या छातीवर झोपली होती.

शर्वरी मटकन स्टुलावर बसली. पहिल्यांदा तिला इतका आनंद झाला की तिने रेवाच्या दोन्ही गालांचे पापे घेतले. आणि दुसऱ्या क्षणी तिला तो कागद आठवला.

स्नेहलताईचं आणि नितीनचं लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती. तीन वर्षांपूर्वी फुंकणी आजऱ्यात नवी आली, तेव्हा तिने पहिल्यांदा फुंकून पाहिलं आणि चौथ्या आठवड्यातच गोड बातमी कळली. शर्वरीच्या सासूबाईंनी त्याच संध्याकाळी लेकीच्या नावाने गल्लीत पेढे वाटले. सहाव्या आठवड्यात सगळं संपलं. ज्यांनी पेढे खाल्ले होते ते सगळे मग समाचाराला आले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच घडलं, पेढ्यांसकट. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं की असे अंकुर पूर्वीही येत आणि जात. बाईला वाटायचं, पाळी आठ दिवस लांबली. यंत्र आलं आणि ज्या दुःखाला नावही नव्हतं त्याला नाव, तारीख आणि समाचाराला येणारी माणसं मिळाली.

त्यानंतर स्नेहलताईने केंद्रात येऊन 'न कळण्याचा हक्क' हा अर्ज भरला होता. शर्वरी तेव्हा नोकरीला नवी होती. त्या अर्जावर शिक्का तिनेच मारला होता. सही करताना स्नेहलताई म्हणाली होती, "मला जे कळायचं ते माझ्या अंगाला कळू दे. माझ्या आधी यंत्राला कळलेलं मला नको."

म्हणजे ही बातमी शर्वरीला घरात सांगता येणार नव्हती. आणि जिची होती तिलाही नाही.

केंद्राच्या प्रमुख लोबो सिस्टर जेवून आल्या, तशी शर्वरी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "सिस्टर, माझ्याकडून चूक झाली. रेवाला कुंचीसकट यंत्रासमोर बसवलं, आणि भलत्याच कुणाचं तरी वाचन दिसलं मला. आणि ज्यांचं दिसलं त्यांनी न कळण्याचा अर्ज—"

"नाव नको," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "पोरीला परत आणशील तेव्हा कुंची काढून ठेव. आणि दर शिंकेला आणू नको. यंत्र काय म्हणालं?"

"तीस सेकंदांत पुसलं त्याने."

"मग यंत्र विसरलं. तुला जरा जास्त वेळ लागेल, एवढंच."

"पण त्या व्यक्तीने काही उलटसुलट केलं तर? उड्या मारल्या, आपटली—"

"औषध, क्ष-किरण, शस्त्रक्रिया, यांतलं काही पुढ्यात आलं तर माझ्याकडे ये. त्याची वाट कायद्यात आहे, मी बघेन. बाकी उड्यांचं म्हणशील तर या दिवसांत ते ओटीपोटाच्या हाडांत एवढंसं असतं, नारळात खोबरं जपलेलं असावं तसं. कामावर जाणाऱ्या बाईला कामावर जाऊ दे." मग चष्मा घालून त्यांनी शर्वरीकडे नीट पाहिलं. "तुला झेपेल ना?"

"झेपेल," शर्वरी म्हणाली.

तिला अजिबात झेपलं नाही.

दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी पपई कापली. पिकलेल्या पपईने काही होत नाही हे शर्वरीने परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. पण संध्याकाळी स्नेहलताई नेहमीप्रमाणे शाळेतून परस्पर माहेरी चहाला आली आणि तिने ताटलीकडे हात नेला मात्र, शर्वरीने ताटली उचलून सगळ्या फोडी परसात नेऊन टाकल्या.

"अगं, काय केलंस?" सासूबाई बघतच राहिल्या.

"सडकी होती."

"सडकी? मी आत्ता दोन फोडी खाल्ल्या की."

"तुम्हाला कळलं नसेल, आई."

मग तिने रोज पालेभाजी करायचा सपाटा लावला. स्नेहलताईने पाण्याची बादली उचलली की ती धावून हातातून घ्यायची. चहा दुसऱ्यांदा मागितला की दूध संपलंय म्हणायची. सासूबाई हे सगळं बघत होत्या. त्यांच्या नजरेतून आजवर गल्लीतल्या एकाही सुनेचा महिना निसटला नव्हता.

आणि मग शाळेचं स्नेहसंमेलन आलं. त्यात दरवर्षी शिक्षिका विरुद्ध पालक असा बायकांचा कबड्डीचा सामना असे आणि आख्खा आजरा तो बघायला लोटे, कारण स्नेहलबाई रेडेकर चढाईला निघाल्या की पोलिसांच्या बायकासुद्धा कोपऱ्यात सरकत. शर्वरी रेवाला घेऊन सासूबाईंशेजारी खुर्चीवर बसली होती. समोरच्या संघात आठवडी बाजारात मासे विकणारी एक धिप्पाड बाई मांडीवर थाप मारत उभी होती. स्नेहलताईने केस बांधले, मातीला हात लावून कपाळाला लावला.

नारळात खोबरं, शर्वरी मनाशी म्हणाली. नारळात खोबरं. पण नारळ फुटतातही की!

पंचांची शिट्टी तोंडाशी गेली तशी तिने रेवाला सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं, उभी राहिली, "मला कसंतरी होतंय," असं चांगलं मोठ्याने म्हणाली आणि जमिनीवर आडवी झाली.

पुढचं सगळं तिच्या हातात राहिलं नाही. स्नेहलताई मैदान सोडून धावत आली, तिनेच पाणी मारलं आणि तिनेच गाडीत घालून घरी आणलं. सामना शिक्षिका हरल्या. शर्वरी पांघरूण घेऊन पडली आणि मनातून खूश झाली. पण उशाशी बसलेल्या सासूबाई तिच्या कपाळावरून हात फिरवत हसत होत्या.

"लपवायचं कशाला पोरी? पपई टाकलीस तेव्हाच मी ओळखलं. रेवा लहान आहे हे खरं, पण मी आहे ना."

शर्वरी ताडकन उठून बसली. "आई, तसं काही नाही."

"बरं बरं. तीन महिने होईपर्यंत न्हाईच म्हणायचं असतंय. मी कुणाला सांगत न्हाई."

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी भाजीवालीने न मागता दोन लिंबं जास्त घातली आणि डोळा मिचकावला.

हर्षद, शर्वरीचा नवरा, काजूच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. त्याला ही बातमी कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याकडून कळली. तो घरी आला तो चेहरा पाडूनच.

"मला शेवटी सांगायचं होतं का? पहारेकरी अभिनंदन करतोय, आणि मी विचारतोय कशाबद्दल."

"अरे, मला काही नाहीये. शप्पथ. फुंकून दाखवू?"

"मग चक्कर?"

"नाटक होतं."

हर्षद खाटेवर बसला. "कशासाठी?"

"ते सांगता येणार नाही. कामातलं आहे."

"कामातलं म्हणून शाळेच्या मैदानात लोळलीस?" लग्नाला तीन वर्षं झाली होती. दोघांमध्ये आजवर एकही गोष्ट न सांगितलेली राहिली नव्हती, आणि शर्वरीला ते गप्प बसणं दातात अडकलेल्या आंब्याच्या शिरेसारखं टोचत होतं. शेवटी तो म्हणाला, "बरं. नको सांगू. पण मी लोकांना काय म्हणू? नाही म्हणून सांगू?"

"नको," ती घाईने म्हणाली. "नाही म्हणालास तर आई पपईपासून विचारत बसतील, आणि मग..."

"म्हणजे मी नसलेल्या पोराचा बाप."

"थोडेच दिवस."

"पहारेकऱ्याने पेढे मागितलेत," हर्षद म्हणाला, आणि मग त्याला स्वतःलाच हसू आवरेना. शर्वरीचाही जीव भांड्यात पडला.

पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. त्या दिवसापासून स्नेहलताई आली नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. फोनही उचलेना. आणि आठवडा होता सहावा.

ते दोन दिवस शर्वरीला कसे गेले ते तिलाच माहीत. श्वास वाचताना दोनदा तिने माणसांची नावं चुकवली. रेवाला पाजताना ती दाराकडे बघत राहायची. काय घडलंय हे विचारायची सोय नव्हती, कारण काही घडण्यासारखं आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. आधीच्या दोन वेळी निदान सगळं घर मिळून रडलं होतं. आता रडायचं झालं तर स्नेहलताईला कळणारही नव्हतं की आपण कशासाठी रडतोय, आणि शर्वरीला रडायची परवानगी नव्हती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी स्नेहलताई आली. हातात रेवासाठी खुळखुळा होता. डोळे सुजलेले होते, पण चाल ठणठणीत होती; पायऱ्या तिने दोन-दोन करून चढल्या. शर्वरीने ती चाल पाहिली आणि तिला वाटलं, आहे. अजून आहे.

"अभिनंदन गं," स्नेहलताई म्हणाली आणि तिने शर्वरीला जवळ घेतलं. "लवकर आले नाही म्हणून रागावू नको. दोन दिवस जरा... शहाणपण यायला वेळ लागला मला."

तेव्हा शर्वरीला उमगलं. ताई रडली होती ती या अफवेपायी. आणि रडण्याचं कारण एवढंच आहे हे कळून आपल्याला हायसं वाटलं, याची तिला लाज वाटली.

"ताई, ऐका ना. काहीतरी गैरसमज झालाय. मला—"

"लपवू नको." स्नेहलताईचा आवाज शांत होता. "माझ्यासमोर सगळे लपवतात. शाळेतल्या बायका डोहाळजेवणाची चिठ्ठी मला चुकवून फिरवतात. तू तरी नको लपवू."

शर्वरीच्या जिभेवर शब्द आले होते. एकच वाक्य, आणि समोरचे सुजलेले डोळे फुलले असते. पण त्या वाक्यात यंत्राने सांगितलेला आठवडा होता, आणि तोच या बाईने सही करून नाकारला होता. शर्वरीने मान खाली घातली. ती लाजली असं समजून स्नेहलताईने तिच्या पाठीवर धपाटा घातला आणि रेवाला उचलून ती अंगणात गेली.

दुसऱ्या दिवशी शर्वरी लोबो सिस्टरांना म्हणाली, "माझ्या गप्प बसण्याने त्या व्यक्तीला दुखतंय."

"दुखतंय म्हणून तिच्या घराचं कुलूप तू फोडणार?" सिस्टर म्हणाल्या. मग थोड्या मऊ झाल्या. "आपल्याकडे लोकांना वाटतं, गुपित राखणं म्हणजे तोंड मिटणं. तोंड मिटणं सोपं असतं गं. समोरच्याने आपल्याला चुकीचं समजलं तरी समजू द्यायचं, ते जड जातं. चहा घेणार?"

सातवा आठवडा गेला. आठवा गेला. रेवा आपली आपण बसायला लागली, आणि ही बातमी शर्वरीने केंद्रात आलेल्या प्रत्येक माणसाला, श्वास वाचायच्या आधी सांगितली. सासूबाईंनी नाचणीचे लाडू केले आणि रोज सकाळी एक समोर उभं राहून शर्वरीला खायला लावला. तिचा रक्तक्षय तेवढा बरा झाला. स्नेहलताई रोज येत होती, थोडी गप्प, थोडी दमलेली. ती काहीच मोजत नव्हती. कॅलेंडरवर खुणा करणं तिने दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं. मोजत होती ती शर्वरी.

नवव्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी सासूबाई चुलीवर सुकट भाजत होत्या. स्नेहलताई माहेरच्या सुकटीसाठी कोल्हापूरहून सामना सोडून येईल अशी तिची ख्याती. ती आली, उंबऱ्यात थबकली आणि नाकाला पदर लावून सरळ परसात निघून गेली. शर्वरी तिथे दोरीवर रेवाची दुपटी वाळत घालत होती.

"ये इकडे," स्नेहलताई म्हणाली. "आईला ऐकू जाता कामा नये."

शर्वरीच्या हातातलं दुपटं पडलं.

"गेल्या रविवारी पण असंच झालं. सुकटीचा वास आला आणि पोटातून ढवळून आलं. मला! मग शाळेत डबा उघडला तर तेच. आधी वाटलं पित्त असेल. मग बुधवारी मुलींना दोरीच्या उड्या शिकवत होते, आणि मधेच थांबले. का थांबले ते सांगता येत नाही बघ. अंग म्हणालं, थांब." बोलता बोलता तिचा श्वास लागला होता. "तरी दोन दिवस कुणाला बोलले नाही. नितीनलासुद्धा नाही. नुसती ते घेऊन फिरत होते. माझं एकटीचं. काल त्याला गाडीत बसवलं आणि कोल्हापूर येईपर्यंत कुठे चाललोय ते सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकवले, शर्वरी. घोडा दौडतोय असं वाटत होतं."

शर्वरीचं पाच आठवडे साठवलेलं सगळं एकदम डोळ्यांतून वाहायला लागलं.

"मला कळलं गं," स्नेहलताई तिचे दोन्ही हात धरून म्हणाली. "कुणी सांगितलं नाही. कुठे फुंकले नाही. माझं मलाच आधी कळलं. जगात सगळ्यांच्या आधी मला."

"हो, ताई," शर्वरी म्हणाली. तिच्या मनात किंतु आला नाही. तीस सेकंदांत जे पुसलं गेलं ते कळणं नव्हतंच. कळणं हे होतं, समोर उभं राहून हसणारं. "सगळ्यांच्या आधी तुम्हाला."

"आणि आता दोघींचं बरोबरच! आई वेडी होईल."

शर्वरीने नाक पुसलं. "ताई, मला खरंच नाहीये काही. आईंनी उठवलंय सगळं."

"म्हणजे?" स्नेहलताईने हात सोडले. "आणि ती चक्कर?"

"खोटी होती." ती अडखळली, आणि मग जे खरं होतं तेवढंच तिने सांगितलं. "ती मासेवाली तुम्हाला आपटणार म्हणून मला धडकी भरली. तुम्हाला मातीत लोळताना मला बघवत नाही."

स्नेहलताई तिच्याकडे डोळे मोठे करून बघत राहिली आणि मग इतकी हसली की तिला आंब्याच्या बुंध्याचा आधार घ्यावा लागला. "अगं बया! तुझ्यापायी आम्ही वीस गुणांनी हरलो. आणि मी दोन दिवस उशीत तोंड घालून रडले!"

"सांगत होते मी, पण तुम्ही ऐकून घेतलं नाही."

"तू पण ना." तिने डोळे पुसले, मग एकदम गंभीर झाली. "हे बघ. आईला अजून तीन आठवडे सांगायचं नाही. कुणालाच नाही. हर्षदला नाही. पण तुझ्यावर विश्वास कसा ठेवू? तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. रेवाला पहिला दात आला तेव्हा नगरपंचायतीच्या शिपायाला रस्त्यात अडवून सांगितलंस तू."

"जमवते मी, ताई."

"तीन आठवडे! बघ हं."

"प्रयत्न करते," शर्वरी म्हणाली.

स्नेहलताईने क्षणभर विचार केला. तिच्या चेहऱ्यावर सामन्याआधीचा, डाव ठरवतानाचा भाव आला. "तुझी अफवा आहे ना, ती तशीच राहू दे. आईचं लक्ष तुझ्यावर राहील, माझ्याकडे बघणार नाही ती. चालेल तुला? तुला त्रास नाही ना होणार?"

"नाही," शर्वरी म्हणाली. "सवय झालीय."

"शर्वरी!" आतून सासूबाईंची हाक आली. त्या ताटली घेऊन मागच्या दारात उभ्या होत्या. "उन्हात काय उभी राहिलीस? लाडू घे. दोन घे आज."

शर्वरीने ताटली घेतली आणि सासूबाईंची पाठ वळताच ती स्नेहलताईपुढे धरली. स्नेहलताईने एक लाडू तोंडात घातला, दुसरा हातात घेतला आणि डोळे मिटून सावकाश चावू लागली. सुकटीचा वास अजून परसात दरवळत होता. शर्वरीने खाली पडलेलं दुपटं उचललं, झटकलं आणि दोरीवर त्या दोघींच्या आणि स्वयंपाकघराच्या मधोमध आडवं पसरून टाकलं.